रस्सा वाढवणारीचा वाटा

 

आज आपण इतिहासावर बोलणार आहोत, पण हा इतिहास किल्ल्यांचा नाही. तो आपल्या चुलीवरच्या टोपातला आहे. धुळवडीला, बेंदराला, आखाडात किंवा गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आपण गावरान मटणाचा रस्सा करतो. तो रस्सा कुठून आला, त्यातली कुठली जिन्नस कधी आली, आणि तो रांधणाऱ्या बाईच्या ताटात काय पडलं, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, रश्श्याचा कसला इतिहास? आजीनं आईला दाखवलं, आईनं आपल्याला. खरं आहे. आणि म्हणूनच तो कुठल्या कागदावर सापडत नाही. आपल्या उत्रोलीचंच बघा. गावाचं नाव जुन्या कागदांत येतं, पण कशासाठी? वतनासाठी. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा इथले देशमुख खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले आणि कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. मान कुणाचा, हक्क कुणाचा, जमीन कुणाची, याचे महजर आहेत, पत्रं आहेत. त्याच वर्षी त्याच रोहिडखोऱ्यात हजारो चुली पेटत होत्या, पण त्यांवर काय शिजत होतं हे कुणी टिपलं नाही. मग आपण काय करायचं? टोपातल्या जिनसांनाच विचारायचं. मिरची, खोबरं, कांदा, मटण. यातली प्रत्येक जिन्नस म्हणजे एकेक कागद आहे असं समजू आणि वाचू.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तिथं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव मातीखाली सापडलं. घरांच्या आत चुली होत्या आणि अंगणात विस्तवाचे खड्डे होते. जळालेलं धान्य मिळालं, त्यात सातू होता, कुळीथ होता, मसूर होता. आणि हाडं मिळाली. गायीगुरांची, शेळ्या-मेंढ्यांची, रानातल्या हरणांची. म्हणजे आपल्या जिल्ह्यात माणसं मटण खातात त्याला निदान साडेतीन हजार वर्षं झाली. बहुतेक ते खड्ड्यात भाजत असतील, गाडग्यात शिजवत असतील. आपण आज जो लाल रस्सा म्हणतो तो मात्र तेव्हा होणं शक्यच नव्हतं, कारण मिरची नव्हती.

मधली बरीच शतकं ओलांडून पुढं या. कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा झाला. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. आपल्या महाराष्ट्राचा बराच भाग त्याच्या राज्यात होता. त्यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं काय खावं, काय प्यावं, काय नेसावं, सगळं त्यात आहे. मांसाचे कितीतरी प्रकार त्यात सांगितलेत. भाजलेलं, तळलेलं, शिजवलेलं. चवीला हिंग, मिरी, आलं, सैंधव. वाचताना लक्षात येतं की हे राजाचं ताट आहे. इथं मटण भरपूर आहे. ते पुरवून पुरवून वापरायची गरज राजाला नव्हती.

आता मिरचीकडं येऊ. मैत्रिणींनो, मिरची आपली नाही हे ऐकून पुष्कळ जणींना धक्का बसतो. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडं पोचला, त्याआधी आपल्या देशात एकाही माणसानं मिरची चाखलेली नव्हती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून त्या सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. तिचं नावच सांगतं की ती पाहुणी आहे. आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. मिरीसारखं तिखट म्हणून ही मिरची.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मिरी मलबारातून यायची. तिच्या वेलाला तिकडचीच दमट हवा लागते. आपल्या मावळातल्या गरीब घराला ती विकत घ्यावी लागे. मिरचीचं तसं नाही. परड्यात चार रोपं लावली, राखेचं पाणी घातलं, की वर्षाचं तिखट घरचं. उन्हात वाळवलं, कुटलं, बरणीत भरलं. राजाच्या ताटातला तिखटपणा गरिबाच्या भाकरीवर आला तो या परदेशी रोपामुळं. शेंगदाणाही त्याच अमेरिकेतला, टोमॅटोही तिकडचाच, बटाटाही. आज आपण ज्याला गावरान म्हणतो त्या ताटातल्या निम्म्या गोष्टी समुद्रापलीकडून आल्या आहेत. यात वाईट वाटायचं काही नाही. बायांनी त्या हाताळल्या, आपल्याशा केल्या, आणि मग त्या गावरान झाल्या.

खोबऱ्याची गोष्ट वेगळी. नारळ कोकणातला. आपण घाटमाथ्यावरची माणसं, आपल्याकडं माड नाहीत. पण भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. घाटवाटांनी बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ, सुकी मासळी, खोबरं वर यायचं आणि इकडचं धान्य खाली जायचं. ओला नारळ त्या प्रवासात टिकत नाही आणि जडही असतो. सुकं खोबरं टिकतं आणि हलकं असतं. म्हणून कोकणातल्या बाईच्या वाटणात ओला नारळ आणि आपल्या वाटणात निखाऱ्यावर भाजलेली खोबऱ्याची वाटी. आपल्या रश्श्याचा काळपट लाल रंग आणि तो खरपूस वास यामागं घाटाची ही चढण आहे.

आता मटण. रोजच्या जेवणात ते कधीच नव्हतं. बोकड म्हणजे घरची बँक. अडीनडीला विकायचा. कापायचा तो नवसाला, सणाला, जत्रेला. आणि कापणारा गावातला ठरलेला. ग्रँट डफ नावाचा इंग्रजांचा अधिकारी साताऱ्याला होता. त्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात गावच्या बलुतेदारांमध्ये मुलाण्याचं नाव आहे. बोकड किंवा मेंढी मुलाण्यानं कापायची, त्याबद्दल त्याचा हक्क त्याला मिळायचा, आणि मग ते मटण मराठ्यांच्या, कुणब्यांच्या घरी शिजायचं. अजूनही आपल्याकडं कित्येक गावांत जत्रेला मुलाणीभाऊंनाच बोलावणं जातं. हे आपल्या गावांचं शेकडो वर्षांचं शहाणपण आहे, ते आठवणीत ठेवण्यासारखं आहे.

काही घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीचंच मटण लागतं. हवेली तालुक्यात वाडेबोल्हाईला बोल्हाईदेवीचं ठाणं आहे. तिचे भक्त बोकडाला शिवत नाहीत. म्हणून पुण्याच्या बाजारात ‘बोल्हाईचं मटण’ अशी वेगळी पाटीच असते. एकाच जिल्ह्यात, एकाच रश्श्यात, घरागणिक देव वेगळा आणि जनावरही वेगळं. आणि माळकऱ्याच्या घरात तर टोपच चढत नाही. त्यांचाही मान आपल्या गावात सगळे ठेवतात.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. गावात बोकड कापला की वाटे पडतात. पाच-सात घरांनी मिळून एक बोकड घ्यायचा, पैसे सारखे काढायचे, आणि पळसाच्या पानांवर किंवा गोणपाटावर सारखे वाटे घालायचे. तुम्ही हे सगळ्यांनी पाहिलं आहे. किती बारकाईनं घालतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडी नळी, थोडी मान. कुणाच्या वाट्यात हाड जास्त गेलं तर दुसऱ्या वाट्यातला एक तुकडा उचलून इकडं टाकतात. ज्यानं वाटे घातले तो सगळ्यात शेवटी उचलतो, म्हणजे अन्याय होत नाही. इतकी समानता आपल्या गावानं शेकडो वर्षं पाळली आहे.

तो वाटा घरात येतो. एक किलो, सव्वा किलो. घरात माणसं किती? एकत्र कुटुंब, पंधरा-वीस. वर लेक-जावई जत्रेला आलेले. एक किलो मटणाचे हाडासकट वीस-पंचवीस तुकडे होतात. हे पंचवीस तुकडे वीस माणसांना दोन वेळ कसे पुरवायचे? हे गणित घरातल्या बाईला पडायचं. आणि या गणिताचं उत्तर म्हणजे रस्सा.

राजाच्या मुदपाकखान्यात मटण भाजलं जातं, कारण तिथं ते मुबलक आहे. भाजलेलं मटण आक्रसतं, कमी होतं. बाईनं ते पाण्यात शिजवलं, कारण पाण्यात त्याचा अर्क उतरतो आणि एका तुकड्याची चव दहा भाकरींना लागते. नुसतं पाणी पातळ लागतं, म्हणून तिनं त्याला दाटपणा दिला. कांदा, खोबरं, तीळ, आणि कमीच पडलं तर भाजलेल्या डाळीचं किंवा बाजरीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट. चव जिभेवर टिकावी म्हणून तिखट. पोट भरावं म्हणून बाजूला भाकरीची चवड आणि भाताचं पातेलं. पाहुणे वाढले, तर टोपात गरम पाणी वाढलं. रस्सा वाढवणं हा आपला शब्दच बघा किती बोलका आहे. मटण वाढवता येत नाही, रस्सा वाढवता येतो. हा शोध कुणा एकीचा नाही. पिढ्यान् पिढ्या पुरवठा करणाऱ्या बायांचा आहे.

नव्या सुनांसाठी आणि शहरातून ऐकणाऱ्या लेकींसाठी तो कसा करतात तेही सांगते. आठ-दहा माणसांना एक किलो मटण घ्या. धुऊन हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून अर्धा तास ठेवा. टोपात दोन पळ्या तेल, एक बारीक चिरलेला कांदा, त्यावर मटण परता. त्याचं अंगचं पाणी सुटेल. वर खोलगट ताट ठेवा आणि ताटात पाणी घाला. खालची वाफ ताटाला लागून परत टोपात पडते, मटण करपत नाही, आणि ताटातलं पाणी आपोआप गरम होतं. तेच पाणी थोडं थोडं आत सोडायचं. गार पाणी घालू नका, मटण दडदडीत राहतं. चुलीवर मंद जाळाला दीड-दोन तास लागतात. जून बोकड असेल तर जास्त. मटण शिजलं की वरचं पाणी काढा, ते अळणी. लेकरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला आधी अळणीची वाटी द्यायची ही आपली रीत.

वाटणासाठी चार मध्यम कांदे आणि अर्धी वाटी खोबरं निखाऱ्यावर भाजा. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस तव्यावर कोरडी भाजा. एक गड्डी लसूण, दोन बोटं आलं, मूठभर कोथिंबीर. सगळं पाट्यावर मऊ वाटा. तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता. घाई इथंच करायची नाही. मग चार-पाच चमचे घरचं कांदा-लसूण तिखट घाला, लगेच अळणीतलं थोडं पाणी घाला म्हणजे तिखट जळत नाही. मटण घाला, उरलेलं अळणी आणि गरम पाणी मिळून दोन-अडीच लिटर होऊ द्या, आणि दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळा. वर तवंग आला की उतरा. बरोबर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा नाहीतर आंबेमोहराचा भात, कांदा आणि लिंबू. लिंबू विसरू नका, त्याचं कारण पुढं सांगते.

ही कृती छापील पुस्तकात फार उशिरा आली. मराठीत ‘सूपशास्त्र’ हे पाककृतींचं पुस्तक १८७५ साली निघालं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, त्यात एक हजार पाकक्रिया आहेत आणि मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरातलं मांस-मासळीही आहे. ही पुस्तकं मोलाची आहेत. पण लिहिणारी आणि वाचणारी घरं शहरातली, शिकलेली होती. डोंगरातल्या बाईच्या हातात पाटी-पेन्सिल नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली काढलं आणि मराठवाड्यातल्या मांग-महार घरांत काय शिजत होतं ते लिहिलं, तेव्हा कुठं या बाजूकडं अनेकांचं लक्ष गेलं.

आपल्या आज्यांनी लिहिलं नाही, पण त्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळ भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर गेल्या. दळता-कांडता बाईनं आपलं सुखदुःख बोलून ठेवलं. ते आपलं दप्तर. तुमच्या घरी ओव्या येणारी आजी असेल तर तिच्याकडून आत्ताच मोबाईलवर भरून घ्या.

ओव्यांवरून कष्टाकडं येते. आधी उखळात तिखट कुटायचं, जात्यावर भाकरीचं पीठ, पाट्यावर वाटण. वीस माणसांचं वाटण म्हणजे तासाभराचं काम, आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखणार. हे कमी कशानं झालं? १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि दोन तासांचं शिजवणं अर्ध्या तासावर आलं. आणि १९६० च्या दशकात सुमीतचा मिक्सर आला. त्याची गोष्ट सांगतात ती आपल्या कामाची आहे. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्या घरी परदेशी मिक्सर होता. आपलं कडक वाटण त्याला झेपलं नाही, मोटर जळाली. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. बाईंनी त्यांना सांगितलं की आपल्या वाटणाला पुरेल असं यंत्र बनवा. त्यांनी ते बनवलं. म्हणजे देशभरच्या बायांचा खांदा हलका झाला तो एका घरातल्या बाईनं गरज बोलून दाखवली म्हणून. बोलून दाखवणं महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसच्या शेगड्या वाड्या-वस्त्यांवर पोचल्या. तरी मटण म्हटलं की पुष्कळ घरांत पुन्हा चूल पेटते. काही चवीसाठी, काही सिलिंडर वाचवण्यासाठी. चवीसाठी पेटवत असाल तर अंगणात, मोकळ्यावर पेटवा. बंद खोलीतला धूर आपल्याच छातीत जातो.

कोंबडीचंही बदललं. परसातली गावरान कोंबडी पाच-सहा महिने चरते, तेव्हा कापण्याजोगी होते. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढं पुण्यातूनच तिचा कारभार देशभर वाढला, आणि सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी ब्रॉयलर कोंबडी गावोगाव आली. मटण महाग झालं तेव्हा गरिबाच्या ताटात मांस राहिलं ते या कोंबडीमुळं, हे मान्य करायला हवं. पण परसातल्या कोंबडीची कमाई बाईच्या हातात असायची. अंडी विकून आलेला पैसा तिच्या कनवटीला. खुराडं गेलं तशी ती कमाईही गेली. आता गिरिराज, वनराज या जाती परसात चांगल्या वाढतात, आणि काही गट पुन्हा त्याकडं वळत आहेत.

आता शेवटचा आणि अवघड भाग. रस्सा वाढवणारीच्या ताटात काय पडलं?

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची. दुसरी लेकरांची. मागची पंगत बायांची. आणि बायांतही थोरल्या सासूबाई आधी, धाकटी सून सगळ्यात शेवटी, टोपाच्या तळाशी. नळी पाहुण्याला, कलेजी घरच्या कर्त्याला, मऊ तुकडे लेकरांना. उरतो तो रस्सा. एका बैठकीत मी सहज विचारलं होतं की मागच्या धुळवडीला कुणाच्या ताटात किती तुकडे होते. आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण बोलू लागली आणि हसणं थांबलं. कित्येकींना तुकडा आठवेना, रस्सा-भात आठवला. ‘मला रस्साच आवडतो’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच होत्या. आवड खरीही असेल. पण पिढ्यान् पिढ्या फक्त बायांनाच रस्सा कसा आवडतो, हा प्रश्न मला पडतो.

दाराबाहेर पळसाच्या पानावर जी समानता होती, ती उंबऱ्याच्या आत आली नाही. सात घरांत बोकडाचा वाटा सारखा झाला, पण एका घरातल्या सात माणसांत झाला नाही.

याचा हिशेब शरीर देतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी असल्याचं, म्हणजे ॲनिमिया असल्याचं दिसलं. देशात ५७ टक्के. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन बाईला १२ च्या वर हवं, गरोदरपणी निदान ११. पाळी, बाळंतपण आणि कष्ट यांत आपल्याला लोह पुरुषांपेक्षा जास्त लागतं. आणि लोह असतं कुठं? मटणाच्या तुकड्यात आणि सगळ्यात जास्त कलेजीत. मांसातलं लोह अंगाला जितकं लागतं तितकं धान्य-भाजीतलं लागत नाही. रश्श्यात चव उतरते, पण लोहाचा मोठा भाग तुकड्यातच राहतो. म्हणजे ज्याची गरज सगळ्यात जास्त, तिच्याच ताटात ते सगळ्यात कमी. एका सणाच्या मटणानं रक्त वाढत नाही हे खरं. पण सणाला जी वाढायची पद्धत, तीच रोजच्या अंड्याला, दुधाला आणि डाळीला लागते.

आता लिंबाचं कारण. लिंबानं जेवणातलं लोह अंगात जास्त मुरतं. आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते कमी मुरतं, म्हणून चहा तासाभरानं घ्या. ज्या मैत्रिणी मटण खात नाहीत त्यांनी कुळीथ, हरभरा, मटकी, पालेभाजी खावी आणि प्रत्येकीवर लिंबू पिळावं. धाप लागत असेल, डोळे फिकट दिसत असतील तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्या, आशाताईंना विचारा.

आणखी एक वाटा आहे, पैशाचा. भोरहून घाटाकडं जाताना, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला ‘गावरान मटण’, ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या दिसतात. शहरातली माणसं त्यासाठी लांबून येतात. त्या पाटीमागं आपलंच वाटण आहे. आपले काही गट मसाला विकतात, काही जेवणाच्या ऑर्डरी घेतात. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ झालं, २०११ मध्ये उमेद अभियान आलं, आणि बचत गटातून बायांच्या हातात व्यवहार आला. पण थाळीचा भाव ठरवताना आपण मटण धरतो, तेल धरतो, सरपण धरतो, आणि आपले हात धरत नाही. चौघींनी पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत काम केलं, तर ती चौघींची दिवसाची मजुरी आहे. ती आधी लिहा, मग भाव काढा. गिऱ्हाईक चवीचे पैसे देतं, आणि चव खोबऱ्यात नसते, ते किती भाजायचं हे कळणाऱ्या हातात असते.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. पहिलं, प्रत्येकीनं आपल्या आजीची किंवा सासूबाईंची वाटणाची पद्धत लिहून आणायची, खाली त्यांचं नाव घालायचं. आपल्या गावच्या रश्श्याचं पहिलं दप्तर आपणच तयार करू. दुसरं, ज्यांच्या ऑर्डरी चालू आहेत त्यांनी मजुरीसकट हिशेब मांडून आणायचा. तिसरं काम घरातलं आहे आणि सगळ्यात अवघड. पुढच्या वेळी मटण शिजलं की पंगत बसायच्या आधी टोपातले तुकडे मोजा आणि घरातली माणसं मोजा, स्वतःला धरून. बोकडाचे वाटे घालतात तसे वाटे घाला. सुनेचा वाटा आधी एका वाटीत काढून झाकून ठेवा, त्यात कलेजीचा तुकडा असू द्या. सासूबाईंनी हे स्वतःच्या हातानं केलं तर घरात वादही होणार नाही. आणि जमलं तर सगळ्यांनी एकत्रच बसा. भाकऱ्या आधी करून ठेवता येतात.

रस्सा वाढवायची कला आपण सोडायची नाही. ती आपली मिळकत आहे. आता त्या रश्श्याबरोबर तुकडाही आपल्या ताटात येऊ द्या.

पुढच्या बैठकीला वही घेऊन या. तोवर तब्येतीला जपा. रामराम.